टेबल कुणाचं, पगार कुणाचा

6 आणि 7 नोव्हेंबर 2010 ला तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा मुंबईत होत्या. कुलाब्याच्या होली नेम शाळेत मुलांबरोबर त्यांनी कोळीनृत्याचा ठेका धरला आणि मुंबईकरांच्या लक्षात तोच राहिला. पुढच्याच महिन्यात, 13 डिसेंबरला, अमेरिकेत शालेय आहाराच्या कायद्यावर सही झाली. ताटात भाज्या, फळं आणि अख्खं धान्य वाढवायचं, मीठ आणि उष्मांकांना मर्यादा घालायची, दहा वर्षांत साडेचार अब्ज डॉलर. या कायद्यासाठी वर्षभर रान उठवलं होतं ते मिशेल यांनी. कुठल्याही पदावर नसलेल्या बाईचा हात लाखो मुलांच्या ताटापर्यंत पोहोचला होता.

मुंबईचे वाद इथे अमेरिकेत राहून वाचताना हे सारखं आठवतं. मुख्यमंत्र्यांच्या पत्नीने नोकरी करावी का, गाणं गावं का, राजकारणावर बोलावं का, यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने भरतात. तिकडे प्रभागातून निवडून येते बाई आणि जनसंपर्क कार्यालयाच्या पाटीवर मोबाइल नंबर असतो नवऱ्याचा. त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते प्रश्न एकच आहे. जोडीदाराचं वजन असणारच, संसार आहे तो. ते वजन कागदावर येतं का, एवढंच बघायचं.

न आल्याने काय होतं ते एडिथ विल्सन यांच्या काळात दिसलं. 2 ऑक्टोबर 1919 ला त्यांचे पती, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला. पुढचे कित्येक महिने कुठला कागद आत जाणार आणि भेटायला कोण जाणार, हे एडिथ ठरवत होत्या. मंत्र्यांच्या पत्रांच्या समासात त्यांच्या हस्ताक्षरात उत्तर यायचं, ‘राष्ट्राध्यक्षांचं म्हणणं असं आहे’ अशा थाटाचं. म्हणणं खरोखर कुणाचं, हे तपासायची सोय नव्हती. राष्ट्राध्यक्ष काम करू शकत नसतील तर काय करायचं, याची नेमकी पद्धत घटनेत यायला 1967 उजाडलं.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांची तऱ्हा अगदी उलटी. आठवड्याला सहा दिवस वर्तमानपत्रात त्यांचा स्तंभ असायचा, म्हणजे मतं सगळ्यांसमोर. त्यांच्या पत्रकार परिषदांना फक्त महिला वार्ताहरांना प्रवेश होता. बातमी हवी तर बाई नेमा, असा तो सरळ हिशेब होता आणि मंदीच्या काळात अनेक जणींच्या नोकऱ्या त्यामुळे टिकल्या. मला त्या फार मोठ्या वाटतात.

जोडीदाराचं हे काम अमेरिकेच्या कायद्यात आलं 1978 साली. राष्ट्राध्यक्षांच्या कामात पत्नी किंवा पती मदत करत असेल, तर त्या मदतीपुरते सरकारी कर्मचारी मिळतील. जोडीदार नसेल तर घरातल्या ज्या माणसाला राष्ट्राध्यक्ष नेमतील त्याला मिळतील. जोडीदाराला स्वतःला पगार नाही. कर्मचाऱ्यांचं मात्र नाव, हुद्दा आणि वार्षिक पगार 1 जुलैच्या यादीत छापला जातो आणि ती यादी कुणालाही वाचता येते. घरखर्चही वेगळा काढलेला असतो. सरकारी मेजवानी सरकारच्या खात्यातून, पण कुटुंबाचं रोजचं जेवण, टूथपेस्ट, कपड्यांची धुलाई यांचं बिल महिन्याच्या महिन्याला कुटुंबाकडे जातं.

यातही पळवाट निघतेच. 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पत्नी हिलरी आरोग्यसेवा सुधारणेच्या गटाच्या प्रमुख झाल्या. सल्लागार गटात सरकारबाहेरची व्यक्ती असेल तर बैठका खुल्या ठेवाव्या लागतात, म्हणून डॉक्टरांची एक संघटना कोर्टात गेली. अपील कोर्टाने 1978 च्याच कायद्याचा आधार घेतला आणि या कामापुरतं पत्नीला सरकारी अधिकारी मानलं. मुख्य गटाच्या बैठका बंद दाराआड राहिल्या. ज्या कायद्याने तिला कागदावर आणलं त्यानेच दार लावून घ्यायला मदत केली, हे मला आजही खटकतं. पद नाही म्हणून जबाबदारी नाही, आणि अधिकारी म्हणून गुप्तता आहे, असं दोन्हीकडून कसं चालेल?

फ्रान्सने 2017 मध्ये थोडक्यात काम भागवलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी ब्रिजित माक्राँ यांना अधिकृत दर्जा देऊ नका म्हणून लाखो सह्या जमल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने एक सनद जाहीर केली. पगार नाही, स्वतंत्र निधी नाही, दोन सल्लागार आणि एक सचिव, तेही राष्ट्राध्यक्षांच्या कर्मचाऱ्यांमधूनच.

आपल्याकडे यातलं निम्मं आधीच आहे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराची मालमत्ता लिहावी लागते. म्हणजे पैशाच्या बाबतीत नवरा-बायको एकत्र मोजायचे, हे आपण मान्य केलंय. कामाच्या बाबतीत मात्र काहीच लिहिलेलं नाही. मुंबईत 227 प्रभाग आहेत, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पावसाळ्याआधी नालेसफाईचं पत्र नगरसेविकेच्या लेटरहेडवर जातं, वॉर्ड ऑफिसात फोन करतो तो नवरा, आणि इंजिनीअरने कुणाचं ऐकून कामाचा क्रम बदलला याची नोंद कुठेच राहत नाही. गटार तुंबलं की जाब तिला विचारतात, कारण सही तिची असते.

मुख्यमंत्र्यांच्या पत्नीने खुशाल नोकरी करावी, गावं, बोलावं. जिल बायडेन नवरा राष्ट्राध्यक्ष असतानाही कॉलेजात शिकवत होत्या आणि पगार घेत होत्या. विचारायचं असेल तर हे विचारा : सरकारी गाडी कुठल्या कामाला निघाली, सोबतच्या माणसाचा पगार कुठून होतो, कुठल्या बैठकीत त्या बसल्या. आणि वॉर्डात सुरुवात पाटीपासून करता येईल. नंबर निवडून आलेल्या बाईचा, आणि नवरा कार्यालयात बसत असेल तर त्याच्या नावापुढे तो कोण म्हणून बसतो तेही लिहायचं.