एक्झिक्युटर वारला म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही

“मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर काम पूर्ण होण्याआधी वारला, तर मृत्युपत्र आपोआप रद्द होते व मालमत्ता वारसाहक्काने वाटली जाते.” व्हॉट्सॲपवर सध्या फिरणाऱ्या एका लांबलचक मेसेजचा हा पहिला मुद्दा. (एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे देणी भागवून मिळकत वाटायला नेमलेला माणूस.) खाली आणखी चार आहेत. एक्झिक्युटरचा मुलगा आपोआप नवा एक्झिक्युटर होतो. राहिलेली देणी एक्झिक्युटरच्या मुलांनी खिशातून भागवायची. सहा महिन्यांत काम संपलं नाही तर मिळकत सरकारजमा. आणि बँकेतले पैसे कुणाला द्यायचे हे मृत्युपत्र ठरवत नाही, ते नॉमिनीचेच.

हा मेसेज माझ्या मावसबहिणीला आमच्या मोठ्या मावशीच्या पुतण्यानं पाठवला. सोबत एक ओळ: “ताई, वाचून घे, मग बसून बोलू.” मोठी मावशी कोल्हापुरात शिक्षिका होती. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मंगळवार पेठेतलं घर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलं. मृत्युपत्रात दागिने दोन भाच्यांना, ठरावीक रक्कम स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंना आणि बाकी सगळं शेवटपर्यंत तिचं करणाऱ्या या मावसबहिणीला. एक्झिक्युटर म्हणून शाळेतल्या जुन्या सहकारी सरांचं नाव. सरांनी काम मनापासून केलं. त्यांची वही मी पाहिलीय: हॉस्पिटलचं बिल, घरफाळ्याच्या पावत्या टाचणीनं लावलेल्या, आणि शेवटच्या पानावर “सिटी सर्व्हे – अर्ज बाकी. लॉकर – बाकी.” तेवढ्यात सरच गेले. मेसेज वाचून मावसबहीण दोन वेळा जेवली नाही. घर गेलंच असं ती धरून बसली होती.

संताप येतो तो यासाठी. पहिला मुद्दा खरा असता तर फायदा कुणाचा झाला असता ते बघा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या, मूलबाळ नसलेल्या विधवेची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेरचा नंबर त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून आलेली मिळकत तेवढी याला अपवाद. बाईनं स्वतः कमावलेल्या मिळकतीलाही हाच क्रम लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलंय. म्हणजे मृत्युपत्र बाजूला सारलं की घर सरळ पुतण्यांचं. मावसबहिणीला काही नाही, भाच्यांना काही नाही, स्वयंपाकाच्या काकूंना तर नाहीच. हे होऊ नये म्हणूनच मावशीनं मृत्युपत्र केलं होतं.

आता कायदा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. मृत्युपत्र कशावर उभं राहतं ते कलम ६३ सांगतं: करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यात एक्झिक्युटरचं नावही नाही. एक्झिक्युटर मुळात नेमलाच नसेल तरी मृत्युपत्र चालतं. कलम २३२ मध्ये तर हे सगळे प्रसंग एका दमात सांगितलेत. एक्झिक्युटर नेमलेला नाही. नेमला पण तो नकार देतो किंवा मृत्युपत्र कोर्टात शाबीत करण्याआधीच वारतो. किंवा शाबीत केल्यावर पण सगळी व्यवस्था पूर्ण होण्याआधी वारतो. या प्रत्येक वेळी, उरलेली सगळी मिळकत ज्याला दिलीय तो लाभार्थी पुढे येऊन मृत्युपत्र शाबीत करू शकतो, आणि कोर्ट त्याला मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मिळकतीची व्यवस्था लावायचं कोर्टाचं अधिकारपत्र) देऊ शकतं, सगळ्या मिळकतीसाठी किंवा जेवढं काम राहिलंय तेवढ्यापुरतं. “बाकी सगळं” माझ्या मावसबहिणीला आहे, म्हणजे ही वाट तिच्यासाठीच आहे. असा लाभार्थी नसेल किंवा पुढे येत नसेल, तर कलम २३४ प्रमाणे कायदेशीर वारस, दुसरा लाभार्थी, अगदी ज्याचं येणं बाकी आहे तो धनकोसुद्धा अर्ज करू शकतो. प्रोबेट (मृत्युपत्र शाबीत झाल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलेला एक्झिक्युटर अर्ध्यावर वारला तर राहिलेल्या मिळकतीसाठी नवा माणूस नेमता येतो, हे कलम २५८. आणि त्या नव्या माणसाला मूळ एक्झिक्युटरइतकेच अधिकार, हे कलम ३१३. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा आहे हा. एक्झिक्युटरही माणूस आहे, तोही मरणार, हे तेव्हाच गृहीत धरलं होतं.

दोन एक्झिक्युटर नेमले असतील तर कोर्टात जायचीही गरज नाही. एक गेला की त्याचे अधिकार हयात असलेल्याकडे येतात (कलम ३१२), मृत्युपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून आधी मृत्युपत्र नीट वाचा. पर्यायी नाव पुष्कळदा खालच्या ओळीत असतं.

दुसरा मुद्दा, मुलगा आपोआप एक्झिक्युटर. पहिल्या मुद्द्यात मृत्युपत्र रद्द केलं, मग हा एक्झिक्युटर कोणत्या कागदाचा? लिहिणाऱ्यानं स्वतःचेच दोन मुद्दे शेजारी ठेवून वाचलेले नाहीत. यात थोडं तथ्य आहे हे मान्य करतो, पण ते इंग्लंडातलं. तिथल्या १९२५ च्याच एका कायद्याप्रमाणे, प्रोबेट घेतलेला शेवटचा एक्झिक्युटर वारला आणि त्यानं आपल्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमला असेल, तर त्या नव्या माणसाकडे जुनं कामही येतं. तिथंही मुलगा म्हणून नाही, नेमलेला म्हणून. आपल्याकडे प्रोबेट मिळतं ते फक्त मृत्युपत्रानं नेमलेल्याला (कलम २२२). मावशीनं विश्वास सरांवर टाकला होता, सरांच्या घराण्यावर नाही.

सरांचा मुलगा भला माणूस आहे. मेसेज वाचून तोही बिचारा घाबरलाय, आणि मावसबहीण त्यालाच सगळे कागद देऊन मोकळी व्हायला निघाली होती. त्यानं करायचं ते एवढंच: वही, पावत्या, लॉकरची किल्ली, मूळ कागद यांची यादी करून दोन माणसांसमोर सही घेऊन सुपूर्द करायचे आणि एक प्रत स्वतःकडे ठेवायची. राहिलेलं काम पुरं करायची जबाबदारी त्याच्यावर नाही. मावशीची देणी मावशीच्या मिळकतीतून जातात, त्याच्या खिशातून नाही. सरांकडून काही गहाळ झालं असतं तर दावा सरांनी मागं ठेवलेल्या मिळकतीपुरता झाला असता. इथं तसं काहीही नाही.

सहा महिन्यांची गोष्ट कुठून आली? प्रोबेट किंवा लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो, कलम ३१७. कोर्ट ती मुदत वाढवूही शकतं. सरकारजमा वगैरे काही नाही. मिळकत सरकारकडे जाते ती कुणीच वारस नसेल तेव्हा. राहिला बँकेतल्या पैशांचा मुद्दा. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

कोल्हापुरात केलेल्या, कोल्हापुरातल्याच मिळकतीच्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. त्यामुळे मावसबहिणीनं आधी मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि प्रॉपर्टी कार्ड घेऊन सिटी सर्व्हेत घर नावावर करायचा अर्ज द्यावा. पुतण्यांनी हरकत घेतली तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, जिल्हा न्यायालयात लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनचा अर्ज. तिथं किमान एका साक्षीदाराची साक्ष लागेल. मृत्युपत्रावरचे दोन्ही साक्षीदार हयात आहेत, एक राजारामपुरीत राहतात, वय झालंय. म्हणून हे दिवाळीनंतर बघू म्हणून चालणार नाही, वकील याच आठवड्यात गाठायला हवा.