‘चीक पिळून टाका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मंगळवारी दुपारी काकू कागलहून एस.टी.नं आली. पिशवीत स्टीलची लहान किटली, झाकणावर ओलं फडकं घट्ट बांधलेलं, आत शेळीचं दूध. बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात वॉचमननं अडवलं, तर त्यालाच समजवायला लागली, "आरं, नातवंड हाय माझं आत. चमचाभर तरी घालू दे की."

नातवंड म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. तिसाव्या आठवड्यात झाला, जन्माचं वजन १२४० ग्रॅम. त्या मंगळवारी तो दर दोन तासांनी ३ मिलिलिटर दूध घेत होता, तेही नळीतून. काकूचा एक चमचा म्हणजे त्याचं दीड वेळचं जेवण झालं असतं.

काकूला हे सुचवलं व्हॉट्सअॅपनं. ‘कमी दिवसांचं बाळ? आजीच्या बटव्यातले ७ उपाय, डॉक्टर सांगणार नाहीत!’ असा तो मेसेज. आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवसांत तीनदा पडला: आईच्या भिशीतून, मामाकडून आणि तिसऱ्यांदा बी.फार्म. झालेल्या चुलतभावाकडून, खाली जोडलेल्या हातांसकट. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही. पहिले तीन दिवस चीक पिळून टाका, तो जड असतो, मध चाटवा. आईचं दूध पातळ, त्यानं वजन भरत नाही, म्हणून शेळीचं किंवा गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्या. नळी घालू देऊ नका, भूक मरते. काचेच्या पेटीतल्या बाळाला आईनं हात लावू नये. रोज तेल आणि धुरी. आणि डोळ्यांची तपासणी म्हणजे लूट, कारण डोळे त्यांच्याच ऑक्सिजननं जातात.

क्रमानं जाण्याइतका धीर माझ्याकडे नाही. आधी चीक.

दुसऱ्या रात्री वहिनीला पंपानं काहीच आलं नाही. सिस्टरनं शेजारी बसून हातानं काढायला शिकवलं. एकेक थेंब यायचा, तो सिस्टर सिरिंजच्या टोकानं टिपून घ्यायच्या. पाऊण तासानं सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर जमलं, पिवळंधमक आणि काकवीसारखं चिकट. त्यावर वहिनीच्या नावाची पट्टी चिकटवून वेळ लिहिली, २.४०. दोन थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावले, उरलेलं नळीतून पोटात. वहिनी टाके सांभाळत भिंतीला धरून खोलीकडे गेली आणि पाच वाजता पुन्हा आली. आणि कुणीतरी घरी पंख्याखाली बसून अंगठ्यानं टाइप करतंय की हे पिळून टाका.

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, पण त्यांतली बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. तिसाव्या आठवड्यात आलेलं पोर ती शिदोरी अर्धवट घेऊनच निघालेलं असतं. चिकात प्रतिपिंडं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात. म्हणजे ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाटणीचं ओतून द्यायचं. बरं, हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? गोठ्यात एक म्हैस असलेल्या माणसालाही ठाऊक असतं की खरवस नंतर, आधी वासराला चीक. म्हैस व्याल्याबरोबर वासरू आचळाला लावणारी काकू नातवाच्या वेळी एका फॉरवर्डचं ऐकते, याचा मला जास्त राग आला.

मधाबद्दल एवढंच, की वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला मध द्यायचा नसतो, पूर्ण दिवसांच्यासुद्धा नाही. त्यात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या आतड्यात रुजतात.

आता शेळी-गाय. ज्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून ग्लास हातात देतात आणि तालमीतल्या पोरांचा खुराकही दुधावर चालतो, त्या गावाला ‘दूध बाधेल’ हे पटवणं अवघडच. काकूनंही तेच ऐकवलं, "तुमी समदी ह्याच दुधावर वाढलाय." वाढलो की. पण आम्ही नऊ महिने भरून आलो होतो, आणि हे दूध पहिल्या आठवड्यात नव्हतं पीत.

गाईच्या दुधात आईच्या दुधाच्या साधारण तिप्पट प्रथिनं असतात, क्षारही कितीतरी जास्त. कच्च्या मूत्रपिंडांना तो भार पेलत नाही. पाणी घालून भार हलका करायला गेलं की उष्मांकही निम्मे होतात, म्हणजे ज्या वजनासाठी हा खटाटोप तेच भरत नाही. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी. आणि त्या पाण्यातून, किटलीतून, फडक्यातून जंतू जातील ते वेगळेच.

पण खरी भीती आतड्याची. कमी दिवसांच्या बाळांत आतड्याला सूज येऊन त्याचा तुकडाच्या तुकडा मरतो, असा एक आजार असतो, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. पोट फुगतं, शौचातून रक्त जातं, काही बाळांचं पोट उघडावं लागतं. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ल्यूकस आणि कोल यांचा ९२६ कमी दिवसांच्या बाळांचा अभ्यास आला. ज्यांना फक्त डब्याचं दूध मिळालं, त्यांच्यात हा आजार फक्त आईचं दूध मिळालेल्यांच्या ६ ते १० पट होता. आजार पक्का ठरलेल्या बाळांपैकी २६ टक्के दगावली. आणि ते डब्याचं दूध होतं, बाळांसाठी मोजूनमापून बनवलेलं. कागलच्या शेळीवर असा अभ्यास कुणी केला नाही आणि माझ्या भाच्यावर तो होणार नाही.

यात एक गोष्ट मेसेजवाल्याला नाइलाजानं द्यावी लागते. फार लहान बाळाला नुसतं आईचं दूध पुरेलच असं नसतं, आणि डब्याच्या दुधावर वजन भराभर चढतं हेही खरं. म्हणून तर दीड किलोच्या आतल्या बाळांच्या दुधात डॉक्टर प्रथिनं-क्षारांची पूड मिसळतात, पुढे ड जीवनसत्त्व आणि लोहाचे थेंब देतात. पण मिसळायचं ते आईच्या दुधात. आईचं दूध मोरीत ओतून त्याच्या जागी नाही. आईला येतच नसेल तर दुसऱ्या आयांनी दिलेलं, पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी काढली, आशियातली पहिली. ‘डॉक्टर सांगणार नाहीत’ म्हणे!

नळीचं उत्तर दोन ओळींत होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. त्याआधी तोंडात ओतलं तर दूध फुप्फुसात जातं. मेळ बसला की नळी निघते आणि वाटी-चमचा येतो, किंवा आपलं जुनं बोंडलं. आजीच्या बटव्यातली खरोखर कामाची वस्तू तीच होती. मेसेजात नेमकी तीच नाही.

आईनं हात लावू नये, हा मुद्दा मात्र मी दोन ओळींत सोडणार नाही. कारण इथं नुसते नातेवाईक नाहीत, कधी कधी रुग्णालयंही त्याच बाजूला असतात. आमचा भाचा जिथं होता तिथंही पहिले तीन दिवस वहिनीला काचेबाहेरून बघायची परवानगी, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई रजेवरून आल्या आणि त्यांनी तिला आत खुर्ची दिली.

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. पुढे बरीच वर्षं रीत अशी राहिली, की आधी बाळ पेटीत स्थिर होऊ दे, मग आईकडे. हीच समजूत तपासायला जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांत चाचणी घेतली. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. १ ते १.८ किलोच्या आतली ३२११ बाळं. आमचं बाळ वजनानं यात बसलं असतं. एका गटाला नेहमीची रीत. दुसऱ्या गटात आईची खाट अतिदक्षता विभागातच, आणि जन्मल्यापासून बाळ तिच्या अंगावर, दिवसाला जवळजवळ १७ तास. २८ दिवसांत नेहमीच्या रीतीतली १५.७ टक्के बाळं गेली, आईच्या अंगावरची १२. फरक इतका उघड दिसला की देखरेख समितीनं चाचणी मुदतीआधीच थांबवली. उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं त्यांना योग्य वाटेना. २०२१ च्या मे महिन्यात ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारसच बदलली.

मेसेजातले उपाय एकापुढे एक ठेवून बघा. चीक टाका, दूध बदला, हात लावू नका. प्रत्येक वेळी आईलाच बाजूला सारलंय. आणि गेल्या चाळीसेक वर्षांचं संशोधन तिला धरून आत आणतंय.

आठव्या महिन्याचं काय बोलायचं? ही समजूत ग्रीकांच्या काळापासून चालत आलीय आणि तेव्हापासून चूकच आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी फुप्फुसं तयार. धुरी तर नकोच नको. ज्या फुप्फुसांना हवा झेपत नाही त्यांना ओव्याचा धूर कशाला? तेलाबाबत थोडं नमतं घेते. ढाक्यात कमी दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं, तर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग कमी झाले. तेव्हा डॉक्टर हो म्हणाले तर हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. पण लावायचं, रगडायचं नाही.

राहिले डोळे. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. १९४० आणि ५० च्या दशकांत बेसुमार ऑक्सिजन दिल्यानं हजारो कमी दिवसांची मुलं आंधळी झाली. पडद्याच्या रक्तवाहिन्या शेवटच्या महिन्यांत वाढतात. जादा ऑक्सिजननं ती वाढ आधी खुंटते, मग वेडीवाकडी होते. म्हणून आता पायाला लाल दिव्याची पट्टी लावून ऑक्सिजन मोजतच देतात. सरसकट कमी करून टाकणं हेही उत्तर नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ऑक्सिजनची पातळी कमी राखलेल्या बाळांत डोळ्यांचा गंभीर आजार घटला, पण मृत्यू वाढले. तेव्हा धोका उरतोच, आणि उरतो म्हणूनच तपासणी. वरून डोळा अगदी चांगला दिसतो, आत पडदा सुटत असतो. वेळेत सापडलं तर लेसरनं नजर वाचवता येते. आपल्याकडचा नियम असा, की ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासायचे. फारच लहान असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाळ घरी गेलेलं असलं तरी.

आमच्या बाळाचा २६ वा दिवस येत्या सोमवारी. भावानं रजा टाकलीय. काकूही येते म्हणालीय, किटली घरी ठेवून.