बायकांना स्टेजवर बोलावता, तसं कमिटीतपण बसवा

बेळगावात शाळा-कॉलेजच्या मुलींना सोबत करणारी आमची संस्था आहे, तिथं यावर्षी महिलांचं सल्लागार मंडळ केलंय. बँकेतून रिटायर झालेल्या मॅडम आहेत, मुख्याध्यापिका होत्या त्या बाई आहेत, एक डॉक्टर, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्वतःची फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, चालवणाऱ्या एक ताई, खानापूरकडच्या ग्रामपंचायतीच्या माजी अध्यक्षा, आणि अजून एक-दोघी, त्यांच्याबद्दल पुढं सांगते. एकीलाही एक रुपया मानधन नाही. हे कळल्यापासून ओळखीच्या लोकांनी मला तेच तेच विचारलं, की पोरींना समजावायला तुमच्या अक्का आहेत की, मग वर आणि हे मंडळ कशाला, फोटोला? विचारणारी माणसं चांगली आहेत, आम्हाला देणगी देणारी आहेत, म्हणूनच ते लागलं मनाला. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, मोठं होईल, सवडीनं वाचा.

आधी काम काय ते सांगते. नववीपासून सेकंड पीयूसीपर्यंतच्या, म्हणजे बारावीपर्यंतच्या मुली, बेळगाव शहरातल्या वडगाव-शहापूरकडच्या, खानापूर तालुक्यातल्या, थोड्या निपाणी भागातल्या. प्रत्येक मुलीमागं एक अक्का. अक्का म्हणजे शिकवणी घेणारी नाही, आठवड्यातून एकदा भेटायचं, मधे फोन करायचा, कॉलेज कुठलं घ्यायचं, फॉर्म कुठला भरायचा, घरात काय चाललंय, हे सगळं बोलायचं. आपल्या सीमाभागात याची गरज किती आहे ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. घरात मराठी, शाळा मराठी मीडियमची, आणि एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाली की पीयूसी सायन्सला एकदम सगळं इंग्लिशमध्ये, आणि स्कॉलरशिपचा कागद, नाडकचेरीतला, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातला, जातीचा-उत्पन्नाचा दाखला, तो सगळा कन्नडमध्ये. १९५६ ला राज्यं झाली तेव्हापासूनचा आपला वाद आहे, त्यात माझं मत काय ते सगळ्यांना माहीत आहे आणि ते इथं लिहीत नाही, कारण पंधरा वर्षांची पोरगी नाडकचेरीच्या खिडकीसमोर आज उभी आहे आणि तिच्या आईला हातातला कागद वाचता येत नाही, तिला आजच कुणीतरी सोबत पाहिजे.

आता मंडळ कशाला पाहिजे ते एका उदाहरणानं सांगते. वडगावची एक मुलगी, वडील मागावर. तिची स्कॉलरशिप एसएसपी या राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर मंजूर दिसायची, पैसे काही जमा व्हायचे नाहीत. कॉलेजवाले म्हणायचे बँकेत विचारा, बँकवाले म्हणायचे कॉलेजात विचारा. तिची अक्का बिचारी तिला घेऊन हेलपाटे घालून दमली, आणि वडिलांचं सुरू झालं की असले पैसे आपल्याला कुठं मिळतात, सोडून दे कॉलेज. मंडळाच्या मीटिंगमध्ये अक्कानं हे नुसतं बोलता बोलता सांगितलं. बँकेच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खात्याला आधार नंबर जोडलाय हे ठीक आहे, पण सीडिंग कुठल्या खात्याला आहे?" आम्हा कुणाला यात फरक आहे हेच माहीत नव्हतं. मॅडमनी सांगितलं की खात्याला आधार दिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे त्यासाठी एनपीसीआय या बँकांच्या पेमेंटची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेकडं ज्या खात्याची नोंद असते ते वेगळं. शोधलं तर नोंद निघाली दुसऱ्याच बँकेतल्या जुन्या खात्याची, आईनं कधीतरी काढून दिलेलं, वापर नाही म्हणून बंद पडलेलं. चालू खात्याचा सीडिंगचा फॉर्म भरला आणि काम झालं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे. मॅडम तिथंच थांबल्या नाहीत. त्यांनी एक पानाचा कागद केला, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, की जूनमध्ये अ‍ॅडमिशन घेतानाच प्रत्येक मुलीचं काय काय तपासायचं. आधारवरचं नाव आणि मार्क्सकार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का, कारण मराठी नाव कन्नडमधून इंग्लिशमध्ये जाताना स्पेलिंग बदलतं आणि तिथंच अर्ज अडकतो. सीडिंग कुठं आहे, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली नाही ना. आता तो कागद सगळ्या अक्कांकडं आहे. एका पोरीची अडचण एका अक्कानं सोडवली तर एक पोरगी सुटते, आणि तीच अडचण मंडळासमोर आली तर सगळ्यांसाठी रीत बसते. त्यासाठी ती रीत माहीत असलेली, मोठ्या ऑफिसात वर्षानुवर्षं काम केलेली बाई टेबलाला पाहिजे. फोटोला नको.

मुख्याध्यापिका बाईंचंही तसंच. २०२४ पासून एसएसएलसीला एकाच वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षांची पद्धत आली, म्हणजे पहिल्या परीक्षेत गणित राहिलं तर त्याच वर्षी दुसरी देता येते. आपल्या खेड्यात अजून किती घरांना हे पोचलंय? नापास म्हटलं की संपलं, पोरगी घरी बसली, आणि पोरगी घरी बसली की दुसऱ्या महिन्यात पाहुणे यायला सुरू. बाईंनी मंडळात हट्ट धरला की रिझल्टच्या दिवशी प्रत्येक अक्कानं आपल्या मुलीच्या घरी स्वतः जायचं, फोन चालणार नाही, आणि पास झालेलीच्या आधी राहिलेलीच्या घरी जायचं. आणि जाऊन बापाशी वाद घालत बसायचं नाही, आईला शेजारी बसवून पुढच्या परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा तेवढं सांगायचं. एका घरी आजी म्हणाली म्हणे, "पोरगी शिकून काय कलेक्टर होनार हाय काय ओ?" बाईंनी उत्तर दिलं, "होईना का कलेक्टर आजी, आधी गणित तर सुटूदे." ती मुलगी सुटली गणितात, आता कॉमर्सला आहे.

डॉक्टर मॅडमनी जे केलं ते बाहेरून कुणाला दिसणार नाही, पण माझ्या मते मंडळाचं सगळ्यात मोठं काम तेच. अल्पवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या संस्थेला नियम पाहिजेत, चांगल्या मनावर भागत नाही. बंद खोलीत एकटं भेटायचं नाही. वाचनालयात, शाळेच्या व्हरांड्यात, जिथं चार माणसं ये-जा करतात तिथं बसायचं. मुलीचा फोटो आईला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही, मग ती पहिली आली असूदे नाहीतर देणगीदारानं सायकल दिली असूदे. मुलीनं काही वाईट सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नाही, कारण पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात स्पष्ट आहे की अठराच्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक अक्काच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजे. यावर आमच्यातल्याच काही जणांचा विरोध होता, म्हणाले एवढा संशय घेतला तर स्वयंसेवक कोण येणार. मॅडम शांतपणे म्हणाल्या की नियम वाचून जो येणार नाही तो न आलेलाच बरा. मी शंभर टक्के त्यांच्या बाजूनं होते आणि आहे. ज्या संस्थेत हे नियम कागदावर नाहीत, तिथं मी माझ्या भाचीला पाठवणार नाही, मग ती संस्था कितीही जुनी असूदे.

फाउंड्रीवाल्या ताईंचं थोडक्यात. आमच्या पोरींना विचारलं काय होणार तर नर्सिंग नाहीतर टीचर, वाईट काहीच नाही त्यात, पण ज्या गावात घरटी एक माणूस उद्यमबागेत कास्टिंगच्या नाहीतर हायड्रॉलिकच्या कारखान्यात आहे तिथल्या मुलीला डिप्लोमा म्हणून काही असतो हे माहीत नाही, आणि इकडं हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात. ताई त्यांना स्वतःच्या कारखान्यात घेऊन गेल्या, साचा कसा भरतात, रस कसा ओततात, क्वालिटीला पोरगी बसून माप कसं घेते ते दाखवलं. दोघी-तिघींनी त्याच आठवड्यात पॉलिटेक्निकची चौकशी केली.

आणि पंचायतीच्या माजी अध्यक्षा. आपल्याकडं लगेच म्हणतात की आरक्षणाची बाई, सही तिची आणि कारभार नवऱ्याचा. असं कित्येक ठिकाणी आहे, मी डोळ्यांनी बघितलंय, मीटिंगला खुर्चीवर नवरा आणि बाई आत चहा करतीय. पण कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, आणि इतक्या बायका त्यातून गेल्यावर काहीजणी तयार होणारच की. आमच्या या माजी अध्यक्षांनी पहिली दोन वर्षं नुसतं ऐकलं म्हणे, तिसऱ्या वर्षी पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या सरकारी अधिकाऱ्याला, कागद मागायला लागल्या. गावात भेटायला जागा नाही म्हणून आमचं काम अडलं होतं, त्यांनी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, म्हणजे आता ज्याला अरिवु केंद्र म्हणतात तिथं, रविवारी सकाळची वेळ मिळवून दिली. वेळसुद्धा त्यांनीच ठरवली, बसच्या हिशोबानं. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाल्यावर मुली लांबच्या गावातून येऊ शकतात, पण गावाला परत जाणारी बस दुपारी चुकली की पुढची संध्याकाळी, आणि संध्याकाळ झाली की पुढच्या वेळी घरचे सोडत नाहीत. आम्ही शहरात बसून दुपारी तीनचा क्लास ठरवला होता. ही गोष्ट त्या टेबलाला त्यांच्याशिवाय कुणाला सुचली असती?

आता एक टीका मला पटते, ती पण लिहिते. शहरातल्या टिळकवाडीतल्या, कॅम्पातल्या शिकलेल्या बायका खेड्यातल्या पोरींना वरून शहाणपण सांगणार, असं एकजण म्हणाले. हा धोका खराच आहे. म्हणून सुरुवातीला ज्या एक-दोघींबद्दल नंतर सांगते म्हटलं त्या महत्त्वाच्या. एक आहे आमचीच जुनी विद्यार्थिनी, आता नोकरी करते. दुसरी निपाणीची विडी वळणारी एका मुलीची आई. निपाणीच्या तंबाखू-विडीतल्या बायकांनी किती वर्षांमागं युनियन बांधली, मजुरीसाठी रस्त्यावर आल्या, त्यांना लीडर म्हणायला आपण का कचरतो? दोघींना मंडळात मत आहे, डॉक्टर मॅडमना आहे तेवढंच.

आणि आपल्याच जिल्ह्यात याचं केवढं मोठं उदाहरण आहे. घटप्रभाच्या सीतव्वा जोडट्टी. लहानपणी देवाला सोडलेली मुलगी. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ ला कायदा झाला, पण कायद्यानं एकट्यानं काही सुटत नसतं, सीतव्वा स्वतः त्यातून बाहेर पडल्या आणि तशाच बायकांच्या संस्थेच्या कामाची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांचं ऐकून कितीतरी मुलींना देवाला सोडणं थांबलं. जिनं भोगलंय तिच्या हातात कारभार दिला की काम कसं होतं ते बघायला लांब कशाला जायचं, गोकाकच्या वाटेवर आहे. चन्नम्मा सर्कलवरनं रोज जातो आपण, कित्तूरची राणी चन्नम्मा १८२४ ला इंग्रजांशी लढली म्हणून प्रत्येक भाषणात सांगतो, आणि कुठल्याही संस्थेच्या ट्रस्टींची यादी काढली तर सगळे पुरुष, बाई एकच, ती पण बहुतेक कुणाची तरी मिसेस. माझा राग त्यावर आहे. बायका शिकल्या, बँका चालवल्या, ऑपरेशनं केली, कारखाने उभे केले, आणि आपण त्यांना ८ मार्चला बोलावून शाल-नारळ देऊन घरी पाठवतो. त्यांच्याकडं जे आहे ते घेतच नाही.

वेळ नसतो बायकांना, हे पण ऐकलं. खरंय, नसतो. नोकरी, घर, सासू-सासरे, सगळं आहे. म्हणून आम्ही मीटिंग दोन महिन्यातून एकदाच ठेवलीय, रविवारी, आणि अजेंडा आठ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, अर्धा तास भाषण कुणी करायचं नाही हे ठरलंय. मधे कुणाला काही अडलं तर थेट त्या त्या बाईला फोन. ज्यांना काम दिसतं त्या वेळ काढतात, आणि जिथं नुसतं बसायला बोलावतात तिथं कुणीच येत नाही, पुरुष तरी येतात का?

आणि पैशाचं एक. बँकेच्या मॅडमनी पहिल्याच मीटिंगला वही मागितली. रोखीत आलेल्या देणग्या बघून त्यांनी सांगितलं की दोन हजारावर रोख दिली तर देणाऱ्याला इन्कम टॅक्समधली देणगीची सूट मिळत नाही, तेव्हा इथून पुढं खात्यावर घ्या, पावती त्याच दिवशी द्या. काही जुन्या लोकांना ते आवडलं नाही, वही मागणं म्हणजे अविश्वास वाटला त्यांना. मला उलटं वाटतं. वही मागणारी बाई कमिटीत आहे म्हणूनच मी माझ्या भावाला खात्रीनं सांगू शकते की दे पैसे.

आता मागणं. आम्हाला अजून दोघी पाहिजेत. एक बैलहोंगल-सौंदत्ती नाहीतर गोकाककडची, कन्नड घरातली, कारण आमच्या मुलींमध्ये कन्नड बोलणाऱ्या पण आहेत आणि मंडळ सगळं मराठी असलं तर त्या तोंड उघडत नाहीत. दुसरी कायद्यातली, वकील किंवा कोर्टात काम केलेली, कारण लग्न ठरवायच्या केसेस येतात आणि तिथं अक्कानं कुठपर्यंत बोलायचं हे आम्हाला नीट ठरवायचंय. तुमच्या ओळखीत अशी कुणी रिटायर झालेली किंवा व्हायला आलेली बाई असेल, मावशी, आत्या, जुनी बॉस, कुणीही, तर त्यांना हे वाचायला द्या आणि मला इनबॉक्सला नाव कळवा. जूनच्या आत पाहिजे, अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की आम्हाला कुणालाच श्वास घ्यायला वेळ नसतो.