म्हणे, नुसती मडकी!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. दुपारी एका संग्रहालयात जोर्वे संस्कृतीच्या भांड्यांसमोर उभी होते. तेवढ्यात शाळेची सहल आली. बाई दारातूनच ओरडल्या, "चला रे पुढे, इथं नुसती मडकी आहेत!" पोरं तलवारींकडे धूम.

अहो बाई, संगमनेर तालुक्यातलं एवढंसं जोर्वे, पण देशभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्याचं नाव आहे ते याच मडक्यांमुळे. तीन हजार वर्षांपूर्वीची. चाकावर घडवलेली, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणीत वाजतात (मला मारू दिली नाही, देऊही नये). लालसर अंगावर काळी नक्षी, पोटाला तोटी. आपल्या झारीची खापरपणजीच की!

बरं, पोरांना तलवारी आवडतात, मान्य. पण कपाटातली पाटी तरी काय सांगते? 'मातीचे भांडे. ताम्रपाषाण युग.' संपलं. हे वाचून कोण थांबणार? नुसती मडकीच वाटणार ना! पाटी लिहिणाऱ्याला स्वतःला तरी काही वाटलं होतं का, असा मला प्रश्न पडतो.

पाटीवर इनामगावचं सांगा ना, तिथंही याच जोर्वे संस्कृतीच्या लोकांची वस्ती होती. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्यांनी तिथं वर्षानुवर्षं खोदकाम केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवलेली, आत लेकरू. सोबत तोटीचं भांडं आणि वाडगा. गावाबाहेर नाही, राहत्या घरात, पायाखालीच. त्या आईने रोज त्याच जमिनीवर चूल पेटवली असेल. ते तोटीचं भांडं कशासाठी ठेवलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तुम्हालाही नसेल.

हे लिहिता लिहिता बाईंवरचा राग जरा उतरलाय. एवढी पोरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, पाचला बस. त्यांना तरी हे कुणी सांगितलं होतं? पण पाटीवरचा राग नाही उतरत. चार ओळी जास्त लिहायला काय लागतं? निधी नाही म्हणतात. शाईलाही?

अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहून आलेय. तुम्ही गेलात तर तुम्हीही लिहा. आणि शिक्षक मैत्रिणींनो, सहल नेणार असाल तर आधी कळवा. मी येते बरोबर, फुकट. फक्त तलवारी शेवटी.