हँगओव्हरवाल्याला काढे पाजणं बंद करा रे आता

गटारी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फॅमिली ग्रुपवर सुरू. गुळवेल उकळून घ्या, भुईआवळा घ्या, कोरफडीचा गर गिळा, लिव्हर एका दिवसात साफ. आणि खाली ठरलेलं वाक्य, आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही. अरे कोणी सांगितलं तुम्हाला?? ज्याच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाहीये त्याला उपाशीपोटी कडूजहर काढा पाजायचा आणि तो भडाभडा ओकला की म्हणायचं बघ, घाण बाहेर पडली. कसली घाण, रात्रीची दारू कधीच रक्तात गेलेली असते!

गुळवेलीचं तर डोक्यातच जातं. २०२० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले ६ पेशंट सापडले, लिव्हरला इजा झालेले. कोविडमुळे इम्युनिटी वाढवायला घेत होते बिचारे. पुढे देशातल्या १३ सेंटर्सनी मिळून अशा ४३ केसेस छापल्या. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की ती दुसरीच, दिसायला सारखी वेल असेल. बरं, असेल, मग कुंपणावरून तोडून आणलेली वेल नक्की कुठली हे कोण ओळखणार, काका तुम्ही? आणि हे सगळं द्यायचं कधी, तर लिव्हर आधीच रात्रभर राबलंय तेव्हा.

"पण मला फरक पडला ना" हे ऐकून ऐकून कान किटले. पडणारच! रक्तातली दारू जवळजवळ शून्यावर येते तेव्हा हँगओव्हर सगळ्यात जोरात असतो, तिथून तो आपोआप उतरायला लागतो, संध्याकाळपर्यंत माणूस तसाही भाकरी मागतो, क्रेडिट मात्र काढ्याला. लिंबूपाणी, ताक द्या ना, शरीरातलं पाणी आणि मीठ भरून निघतं, घशाला बरं वाटतं, पण त्यानंही दारू लवकर उतरत नाही, लिव्हर आपल्या स्पीडनंच काम करतं.

अभ्यास झालेच नाहीत असं नाही. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २१ ट्रायल एकत्र तपासल्या, सगळ्या मिळून माणसं किती, तर ३८६. एकच उपाय दोन ट्रायलमध्ये तपासलाय असं एकदाही नाही, आणि ८ ट्रायलमध्ये एकही बाई नाही. लवंगेच्या अर्कानं थोडा फायदा दिसला, पण पुरावा अगदीच कच्चा असं त्यांनीच लिहिलंय. त्याआधी २००४ मध्ये फड्या निवडुंगाच्या फळाचा अर्क ६४ जणांवर तपासला होता, मळमळ आणि तोंडाची कोरड कमी झाली, पण तो दारू प्यायच्या ५ तास आधी दिला होता, सकाळी डोकं धरून बसल्यावर नाही!

आणि एवढ्याशा पुराव्यावर धंदा बघा. केमिस्टच्या काउंटरवर, बरोब्बर डोळ्यासमोर, पाऊच लटकवलेले, पुढे लवंग आल्याचा चकचकीत फोटो, मोठ्या अक्षरात "क्लिनिकली प्रूव्हन", मागे मुंगीएवढ्या अक्षरात डझनभर वनस्पतींची नावं. किती माणसांवर प्रूव्हन, कुठे, कधी, कशाशी तुलना करून, एक शब्द नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं की ज्याला आधीच फॅटी लिव्हर आहे, बीपीची गोळी चालू आहे त्यानं हे घ्यायचं का, तर वर न बघता म्हणतो हर्बल आहे हो, घ्या बिनधास्त. अरे निदान पाऊच उलटून वाच तरी!