वारस आहेत, पैसे नाहीत

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी वर्गणीचा मेसेज आला. गेटजवळ टेबल लावून इस्त्री करणारे काका सरकारी दवाखान्यात वारले, घरच्यांकडे पुढचं उरकायला पैसे नाहीत, ज्याला जमेल त्याने द्या. बऱ्याच जणांनी दिले. एकाने मात्र विचारलं, "दोन मुलगे आहेत ना त्यांना? मग आपण कशाला?" त्यावरून रात्री उशिरापर्यंत जुंपली.

मुलगे आहेत. थोरला मार्केट यार्डात हमाली करतो, धाकटा केटररकडे वाढपी आहे. दोघेही रोजंदारीवर, आणि बाप दवाखान्यात म्हणून तो सगळा आठवडा दोघांचेही खाडे. मयत उचलायचं तर दुपारपर्यंत हातात रोकड लागते, ती कुठून आणणार?

याबाबत कायदा आधी हात घालतो तो मेलेल्या माणसाच्याच खिशात. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925, कलम 320. मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून अंत्यविधीचा वाजवी खर्च सगळ्यात आधी, इतर देण्यांच्याही आधी भागवायचा. वाजवी म्हणजे किती? तर मयताच्या दर्जाप्रमाणे. काकांचा दर्जा म्हणजे एक लाकडी टेबल, कोळशाची इस्त्री आणि गिऱ्हाइकांकडे अडकलेली थोडी उधारी. आमच्याही घरची त्यात होती, तो भाग वेगळा.

मग येते पालिका. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत चौदाव्या क्रमांकावर दफनभूमी, दहनभूमी आणि विद्युतदाहिन्या हा विषय शहरांच्या पदरात घातलेला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलंय. शब्द नीट वाचा: जागा. लाकूड, गाडी, कापड यांचं काय, ते ज्या त्या शहराच्या मर्जीवर. जो खरोखर निराधार आहे, त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आश्रय अधिकार अभियान या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की बेघर माणसाचे अंत्यसंस्कार त्याच्या धर्माप्रमाणे, सन्मानाने करणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणजे ज्याचं कुणी नाही त्याला सरकार आहे आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला सगळेच आहेत. घरात माणसं आहेत पण पैसे नाहीत, असा माणूस मधल्यामध्ये लटकतो.

त्यातून काय होतं ते माझा मामेभाऊ सांगतो. तो पोलिसात हवालदार आहे. बेवारस म्हणून नोंद झालेल्या प्रत्येकाला कुणी नसतंच असं नाही म्हणे. खिशातल्या चिठ्ठीवरून फोन लागतो, पलीकडे भाऊ नाहीतर पोरगा असतो, थोडा वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, "साहेब, तुम्हीच उरकून घ्या." मग पंचनामा, शीतगृह, थांबायची मुदत, आणि कपड्याला-हाराला बऱ्याचदा हवालदाराच्याच खिशातल्या नोटा. हक्क न सांगितलेले मृतदेह 1949 च्या महाराष्ट्र (तेव्हाच्या मुंबई) शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली वैद्यकीय महाविद्यालयांकडेही जाऊ शकतात. देहदान मोठी गोष्ट आहे, मी स्वतः फॉर्म भरलाय. पण स्वखुशीने दिलेला देह वेगळा आणि गाडीभाडं परवडेना म्हणून सोडून दिलेला देह वेगळा.

थोरल्याबरोबर सामान आणायला मी गेलो होतो. दवाखान्यासमोरच दुकान. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "बाई का पुरुष?" बाई असती तर पुढचा प्रश्न "सवाष्ण का?" असता, कारण मग हिरवी साडी, बांगड्या, कुंकू. पुरुष म्हटल्यावर त्याने भराभर काढायला सुरुवात केली: बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, गुलाल-बुक्का, कापूर, तुळशीची माळ, वर पांढरं कापड. मयताच्या सामानात कुणी घासाघीस करत नाही, हे त्यालाही पक्कं ठाऊक. थोरल्याने तरी हळूच विचारलं, "कापड जरा हलक्यातलं नाही का?" दुकानदाराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, काही न बोलता तो तागा आत ठेवला आणि दुसरा काढला. पोरगा रस्त्याकडे बघत उभा राहिला.

सामानाचं मात्र भागून जातं. कंबर मोडते ती गाडी. काकूंचा हट्ट होता की माती गावाला व्हावी. गाव नांदेडकडे. खासगी ॲम्ब्युलन्सवाला येण्याजाण्याचं दोन्ही बाजूंचं भाडं, टोल आणि वर ड्रायव्हरचा भत्ता मागत होता. काकांची कित्येक महिन्यांची कमाई त्यात गेली असती. पालिकेची शववाहिका हद्दीबाहेर जात नाही. शेवटी इथेच करायचं ठरलं, तर काकू विद्युतदाहिनीला तयार होईनात. "पोरानं आगीन कशी द्यायची मग?" दाहिनीवरच्या माणसाने समजावलं की ट्रॉली आत जायच्या आधी मुलगाच कापूर पेटवून ठेवतो, तोच अग्नी. तेव्हा कुठे मान हलली. 2016 साली ओडिशातल्या कालाहांडीत एक माणूस बायकोचा देह खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालत निघाला होता, तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. तिथेही घोडं गाडीपाशीच अडलं होतं.

"पण सरकारी योजना आहेत ना?" आहेत की. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असलेल्या कामगारासाठी अंत्यविधीचे 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असेल आणि वयाच्या अटीत बसलं तर 10,000. कुटुंबातला कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20,000. बिहारमध्ये कबीर अंत्येष्टी अनुदान आहे, 3,000 रुपयांचं. काका यातल्या कशातच बसत नाहीत. इस्त्रीच्या टेबलाला ईएसआय नसतो आणि साठी त्यांनी कधीच ओलांडली होती. बसले असते तरी मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स जोडून पैसे खात्यावर पडेपर्यंत सावकाराचं व्याज दुप्पट झालं असतं. मयत तहसीलदाराच्या सहीसाठी थांबत नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, त्यामुळे मला यातलं सोपं उत्तर लहानपणापासून माहीत आहे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका शेणी (गोवऱ्या) आणि लाकूड मोफत देते. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांना. लोकही शेणी नेऊन देतात, होळीच्या सुमारास तर मंडळं आणि तालमी ट्रॉलीच्या ट्रॉली भरून देतात. कुणी रेशनकार्ड विचारत नाही. मुंबईत महापालिका साधारण 300 किलो लाकूड मोफत देते, नाशिकलाही मोफत अंत्यसंस्काराची योजना आहे. म्हणजे हे परवडतं. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: दहन असो की दफन, त्याचा साधा खर्च आणि तिथवर नेणारी गाडी, हे नळाच्या पाण्यासारखं स्थानिक संस्थेनेच करावं, शहरात पालिकेने आणि खेड्यात ग्रामपंचायतीने. ते सरसकट असावं. ज्या दिवशी बाप गेलाय त्या दिवशी पोराला खिडकीपाशी उभं राहून "मी गरीब आहे" हे सिद्ध करायला लावू नये. "फुकट केलं तर बंगलेवालेही घेतील" असं कुणीतरी म्हणेलच. घेऊ द्या. तेही कर भरतात, आणि त्यांना चंदन लावायचंच असेल तर ते विकत आणतील.

यात मी दहावा-तेरावा धरलेला नाही, मुद्दाम. तो खर्च ना सरकारचा, ना सोसायटीचा. गाडीभाड्यासाठी फोन केला तेव्हा भावकीतल्या एकालाही रेंज नव्हती, पण तेराव्याला पंगतीत बसायला गावाकडून जीप भरून माणसं आली. त्या जेवणासाठी थोरल्याने महिना शेकडा पाच व्याजाने पैसे उचलले. गाडगेबाबा कीर्तनातून जन्मभर सांगत फिरले की कर्ज काढून असले सोपस्कार करू नका. ते ऐकलं असतं तर आज पोरगं हप्ते भरत बसलं नसतं. मी बोललो त्याला, रागावूनच. तो म्हणाला, "दादा, गावात तोंड दाखवायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सोसायटीची वर्गणी मात्र राख सावडेपर्यंतच वापरायची, हे मी हिशेब लिहिताना ठरवून टाकलं होतं.

जाता जाता एक उपयोगी पडेल असं. खासगी दवाखाना बिलासाठी मृतदेह अडवून ठेवत असेल तर ऐकून घेऊ नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत मृतदेह ताब्यात मिळणं हा नातेवाइकांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. बिलाचं भांडण मागाहून होऊ शकतं. आणि पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आला की विचारा: शववाहिकेला किती पैसे पडतात, ती रात्री मिळते का, हद्दीबाहेर का जात नाही, आणि स्मशानात दरफलक दिसेल अशा जागी का लावलेला नाही. आमच्याकडचा फलक लाकडाच्या ढिगामागे आहे.