'हरून दाखव' म्हणणारी जोसेलिन

2001 चा 'अ नाइट्स टेल' हा पिक्चर बघितलेले बरेच जण त्यातल्या नायिकेवर, जोसेलिनवर, खार खाऊन असतात. हीथ लेजरचा विल्यम, घरं शाकारणाऱ्या गरीब बापाचा पोरगा, उल्रिच फॉन लिख्टेनश्टाइन असं खोटं खानदानी नाव लावून फक्त खानदानी लोकांसाठीच्या, घोड्यावरून लढायच्या भाल्यांच्या स्पर्धेत घुसलेला, आणि ही त्याला सांगते की 'तुझ्या नावाने जिंकतो' असं तर सगळेच म्हणतात, तुझं खरंच प्रेम असेल तर हर. मग तो घोड्यावर नुसता बसून राहतो, समोरून भाला येतो, अंगावर फुटतो, परत पुढचा, परत पुढचा, आणि पार खिळखिळा झाल्यावर तिचा निरोप येतो, आता जिंक. लोक म्हणतात काय नखरे, बिचाऱ्याचा जीव गेला असता!

मला तो अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात खरा सीन वाटतो. अहो जिंकायला तर तो आलेलाच होता, ती भेटली नसती तरी जिंकायचंच होतं, मग तो विजय तिला वाहण्यात त्याच्या खिशातलं काय गेलं? हरण्यात जातं. चारचौघांत नाव जातं, तेही ज्या नावासाठी एवढा खोटेपणा केला ते.

आणि ही अट काही आजची नाही. बाराव्या शतकात क्रेतियें द त्र्वा या फ्रेंच कवीने राजा आर्थरच्या दरबारातल्या लान्सलॉट या योद्ध्याची गोष्ट लिहिली, त्यात त्याची प्रेयसी, आर्थरची राणी ग्विनिव्हिअर, भर स्पर्धेत त्याला निरोप पाठवते, वाईटात वाईट लढ. हा दिवसभर पळपुट्यासारखा वागतो, लोक हसतात, दुसऱ्या दिवशी परत तोच निरोप, हा परत कबूल, तेव्हा कुठे ती म्हणते आता उत्तम लढ. सरदार धन्याची चाकरी करतो तशी प्रियकराने बाईची करायची, हे ते दरबारी प्रेम. (खरा उल्रिच हा तेराव्या शतकातला, आजच्या ऑस्ट्रियातला सरदार-कवी. बाईसाठी स्वतःचं बोट तोडून पाठवल्याचं त्यानेच काव्यात लिहून ठेवलंय. हे मात्र मला अघोरी वाटतं.)

माझी तक्रार पुढची आहे. विल्यमचं बिंग फुटतं, अटक होणार, जोसेलिन म्हणते पळून जाऊ. तो विचारतो, राहायचं कुठे, माझ्या झोपडीत, जिथे थंडीत डुकरं आत घ्यावी लागतात? ती म्हणते हो, डुकरांसोबत राहू. आणि हा नाही म्हणतो!! मी नाइट (म्हणजे सरदार-योद्धा) आहे, पळणार नाही. इथे तो नापास झाला असं माझं ठाम मत आहे. त्याच गोष्टीत लान्सलॉटला पळवून नेलेल्या राणीचा माग काढायला गुन्हेगारांना फिरवायच्या गाडीत चढावं लागतं, तो दोन पावलं कचरतो, फक्त दोन, तर तेवढ्यासाठी राणी नंतर त्याच्याशी धड बोलत नाही. विल्यम तर गाडीत चढतच नाही. आणि पिक्चर त्याच्या या नकाराला शौर्य म्हणतो, खोड्यात अडकलेल्या त्याला राजपुत्र एडवर्ड येऊन सोडवतो, खरा नाइट करतो, सगळं गोड. ती सगळं सोडून यायला तयार होती ते कुणाच्या खिजगणतीतही नाही.

शेवटचा सामना तो चिलखत काढून, स्वतःचं खरं नाव ओरडत जिंकतो. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. पण त्याला प्रेमाचा विजय म्हणू नका प्लीज, तो त्याच्या नावाचा विजय आहे. तिच्यासाठी म्हणून त्याने जे केलं ते हरतानाच केलं.